शेक्सपिअरच्या नाट्यकर्तृत्वाविषयीच्या आरंभीच्या शंका : पुराव्याच्या अंगाने एक विचार

प्रास्ताविक

फेब्रुवारी १९३२ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ या नियतकालिकात नाट्येतिहासाचे ख्यातनाम अभ्यासक ॲलर्डाइस निकॉल यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना एक हस्तलिखित आढळले होते. जेम्स कॉर्टन कॉवेल नावाच्या गृहस्थाने १८०५ मध्ये इप्सविच येथील एका तत्त्वचर्चा मंडळापुढे वाचलेली दोन व्याख्याने त्यात होती. त्यांतील कथा थोडक्यात अशी. वॉरिकशायरमधील बार्टन-ऑन-द-हीथ या गावचे धर्मोपदेशक जेम्स विल्मट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेक्सपिअरचे चरित्र लिहिण्याचे मनावर घेतले. त्यांनी स्ट्रॅटफर्डच्या सभोवतालच्या पन्नास मैलांच्या टापूतील घरोघरचे ग्रंथसंग्रह धुंडाळले, परंतु शेक्सपिअरच्या मालकीचे एकही पुस्तक त्यांच्या हाती लागले नाही. अखेर १७८५ च्या सुमारास ही नाटके फ्रान्सिस बेकनची असावीत असे त्यांचे मत बनले, आणि गावकऱ्यांचा रोष नको म्हणून त्यांनी आपली टिपणे जाळून टाकली. निकॉल यांनी विल्मट यांना या मताचा आद्य पुरस्कर्ता ठरविले आणि पुढे सुमारे सत्तर वर्षे अभ्यासकांनी ते मानले. या हस्तलिखिताचे खरे स्वरूप निबंधाच्या अखेरच्या भागात येईल.

शेक्सपिअरची नाटके त्याची नव्हेतच, हा वाद वर्गात काढला की विद्यार्थी एरवीपेक्षा अधिक सावध होऊन ऐकतात, असा इंग्रजी व इतिहास शिकविणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असेल. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ (१८६७), आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आणि देवलांचा ‘झुंझारराव’ (१८९०) ही नाटके मराठीत आली, त्याच दशकांत इंग्लंड-अमेरिकेत हा वाद ऐन भरात होता. मराठी वाचकाने मात्र शेक्सपिअर हा नाटककार म्हणूनच स्वीकारला आणि त्याच्या कर्तृत्वाविषयीच्या शंका येथे बहुधा गमतीचा विषय म्हणूनच पोहोचल्या. प्रस्तुत निबंधाचा विषय शंका खरी की खोटी एवढाच नाही. ती केव्हा, कोणत्या कागदांमुळे आणि कोणत्या अपेक्षेतून निर्माण झाली, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे. तसे पाहू गेल्यास ‘आरंभीच्या शंका’ या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र केल्या गेल्याचे दिसते. ‘हे विशिष्ट नाटक त्याचे आहे काय?’ ही एक शंका. ‘तो नाटककार होता काय?’ ही दुसरी. पहिली संहितेतून निघते आणि संहितेवरच तपासता येते. दुसरीचा उगम संहितेबाहेर आहे.

पहिल्या प्रकारची शंका

शेक्सपिअर १६१६ मध्ये निवर्तला. सात वर्षांनी, १६२३ मध्ये, जॉन हेमिंग्ज व हेन्री काँडेल या त्याच्या नाटकमंडळीतील सहकाऱ्यांनी त्याच्या ३६ नाटकांचा संग्रह प्रसिद्ध केला. तीच ‘पहिली फोलिओ’ आवृत्ती. त्यांतील १८ नाटके तोपर्यंत छापलीच गेली नव्हती. पुढे १६६४ मध्ये तिसऱ्या फोलिओत सात नाटकांची भर पडली आणि ती सर्व शेक्सपिअरच्या नावावर खपविण्यात आली. त्यांपैकी केवळ ‘पेरिक्लीज’ हे एकच नाटक आज अंशतः त्याचे मानले जाते. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावीशी वाटते. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने नाटके अधिक म्हणून तिसरी फोलिओ ठेवून घेतली आणि आपल्याजवळची पहिली प्रत निरुपयोगी समजून काढून टाकली. तीच प्रत ग्रंथालयाला १९०६ मध्ये ३,००० पौंड मोजून परत घ्यावी लागली.

भर जशी पडली तशी वजाबाकीही सुरू झाली. एडवर्ड रेव्हन्सक्रॉफ्ट याने ‘टायटस अँड्रॉनिकस’चे स्वतः केलेले रूपांतर १६८७ मध्ये छापले. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की, रंगभूमीची जुनी माहिती असलेल्या काही मंडळींकडून आपण असे ऐकले की हे नाटक मुळात दुसऱ्याच कोणा लेखकाचे होते आणि शेक्सपिअरने त्यातील एकदोन प्रमुख पात्रांवर केवळ हात फिरविला. रेव्हन्सक्रॉफ्टला आपल्या रूपांतराचे समर्थन करावयाचे होते. मूळ नाटक कमअस्सल ठरविण्यात त्याचा स्वार्थ होता, हे उघड आहे. तरीही उपलब्ध साधनांत शेक्सपिअरच्या एखाद्या नाटकाच्या कर्तृत्वाविषयी स्पष्टपणे व्यक्त झालेली ही अगदी आरंभीची शंका होय. अलेक्झांडर पोपने १७२५ च्या आपल्या आवृत्तीत तिसऱ्या फोलिओतील सातही नाटके वगळली, आणखी काही नाटकांत शेक्सपिअरचा हात थोडाच असल्याचे म्हटले आणि न आवडलेल्या ओळी पानाच्या तळाशी ढकलल्या. पोपची कसोटी मुख्यतः स्वतःच्या अभिरुचीची होती, त्यामुळे त्याचे बरेचसे निर्णय टिकले नाहीत.

पोप आणि रेव्हन्सक्रॉफ्ट यांच्या पद्धतीत कितीही दोष असले, तरी दोघांनी विचारलेला प्रश्न उत्तर देता येण्याजोगा होता. रेव्हन्सक्रॉफ्टच्या ऐकीव माहितीला तीन शतकांनी बळकटी मिळाली. ब्रायन व्हिकर्स यांनी २००२ मध्ये ‘टायटस’चा पहिला अंक व आणखी काही प्रवेश जॉर्ज पील याचे असल्याचे छंद व शब्दयोजनेच्या सविस्तर पुराव्याने मांडले. २०१६ च्या ‘न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर’ने ‘हेन्री सहावा’ या नाट्यत्रयीच्या कर्त्यांत ख्रिस्तोफर मार्लोचे नाव छापले. हा शेवटचा निर्णय सर्वमान्य नाही. तथापि लंडनच्या नाटकमंडळ्यांत दोघातिघांनी मिळून नाटक लिहिणे हा नित्याचा व्यवहार होता, हे आता निर्विवाद आहे.

दोन विनोद

दुसऱ्या प्रकारच्या शंकेची वंशावळ देणारे लेखक १७६९ आणि १७८६ या दोन सालांपासून आरंभ करतात. हर्बर्ट लॉरेन्सचे ‘द लाइफ अँड ॲडव्हेंचर्स ऑफ कॉमन सेन्स’ हे १७६९ चे पुस्तक म्हणजे एक रूपककथा आहे. तीत शहाणपण, प्रतिभा, विनोद इत्यादी मानवी रूपातील पात्रे लंडनला येतात. तेथे नाटकगृहांत वावरणारा एक इसम त्यांची चीजवस्तू लांबवितो आणि त्या भांडवलावर नाटके लिहितो. तो इसम म्हणजे शेक्सपिअर! हा आरोप नसून ती उघडउघड स्तुती आहे. प्रतिभा आणि शहाणपण ज्याच्या घरी गेले तो हाच, एवढाच तिचा अर्थ. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नट डेव्हिड गॅरिक याने स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा तीन दिवसांचा महोत्सव भरविला होता, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या काळची हवा कळते. महोत्सवाचा बराचसा भाग पावसाने धुऊन नेला; भक्ती मात्र शिल्लक राहिली.

‘द स्टोरी ऑफ द लर्नेड पिग’ हे १७८६ चे पुस्तक याहून गमतीचे आहे. त्या सुमारास लंडनमध्ये अक्षरे व अंक ओळखणाऱ्या एका शिकविलेल्या डुकराचे खेळ फार लोकप्रिय झाले होते. या पुस्तकात ते डुक्कर आपल्या पूर्वजन्मांचा वृत्तांत सांगते. आपल्याकडे पुनर्जन्माची कल्पना घरोघरची. इंग्रजी वाचकाला ती केवळ विनोदाचे साधन वाटली. एका जन्मी आपण नाटकगृहाच्या दाराशी घोडे सांभाळीत होतो आणि ‘हॅम्लेट’, ‘ऑथेल्लो’, ‘टेम्पेस्ट’ आदी नाटके आपणच लिहिली, असे ते सांगते. शेक्सपिअरने लंडनमधील आरंभीच्या काळात प्रेक्षकांचे घोडे धरले, ही अठराव्या शतकातील आख्यायिका वाचकांना ठाऊक होती. तिचीच ही थट्टा आहे. अशा पुस्तकांना ‘शंकेचा आद्य पुरावा’ म्हणणे म्हणजे प्रहसनातील पात्राची साक्ष न्यायालयात नोंदविण्यासारखे आहे. तरीही अनेक याद्यांत ती आजही आढळतात.

कागदांचा शोध

खरी शंका संभवण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या. लेखकाच्या लेखनात त्याचे जीवन शोधले पाहिजे ही अपेक्षा ही त्यांतली एक. आणि ते जीवन सापडले तेव्हा ते अपेक्षेशी न जुळणे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घडल्या, आणि त्यांना कारण शेक्सपिअरचे निंदक नव्हते, त्याचे परमभक्त होते.

स्ट्रॅटफर्ड येथील जोसेफ ग्रीन यांना १७४७ मध्ये शेक्सपिअरच्या मृत्युपत्राची प्रत सापडली. ग्रीन यांची निराशा झाली. त्यात घर, जमीन, रोख रक्कम, भांडी यांची वाटणी होती. पत्नीसाठी ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ पलंग होता. कवीचा मागमूस कोठेही नव्हता. पुस्तके वा हस्तलिखिते यांचाही उल्लेख नव्हता. या अनुल्लेखावर पुढे फार मोठी इमारत उभी राहिली. वास्तविक त्या काळी घरातील जंगम वस्तूंची यादी मृत्युपत्रापासून वेगळी केली जाई. शेक्सपिअरच्या मृत्युपत्रासोबतही ती न्यायालयात सादर झाली होती, परंतु आज उपलब्ध नाही. नाटकाची संहिता तर लेखकाची नव्हे, नाटकमंडळीची मालमत्ता असे. उलट त्याच मृत्युपत्रात हेमिंग्ज, बर्बेज व काँडेल या तिघा सहकाऱ्यांना स्मरणार्थ अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. यांतले दोघे म्हणजे पहिल्या फोलिओचे संपादक. स्ट्रॅटफर्डचा गृहस्थ आणि लंडनचा नाटककार यांना जोडणारा हा दुवा शंकेखोरांनी सहसा विचारात घेतला नाही.

एडमंड मलोन हे शेक्सपिअरच्या अभ्यासकांतील सर्वांत चिकाटीचे संशोधक. त्यांनी १७७८ मध्ये नाटकांचा कालक्रम लावण्याचा पहिला गंभीर प्रयत्न केला आणि १७९० मध्ये स्वतःची आवृत्ती काढली. कागदपत्राशिवाय बोलू नये हा त्यांचा दंडक होता. परंतु कालक्रम हाती आल्यावर त्यांना मोह आवरला नाही. शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट ऑगस्ट १५९६ मध्ये वारला. तेव्हा ‘किंग जॉन’ नाटकातील पुत्रशोकाचे भाषण त्याच दुःखातून आले असावे, असे त्यांनी सुचविले. सुनीतांत त्यांना कवीचा स्वतःचा मत्सर दिसला. नाटकांत कायद्याच्या परिभाषेचा इतका वापर आहे, तेव्हा त्याने तारुण्यात एखाद्या वकिलाकडे कारकुनी केली असावी, असेही त्यांचे अनुमान होते. त्यांचे सहकारी जॉर्ज स्टीव्हन्स यांनी १७८० मध्येच याला हरकत घेतली होती. या माणसाविषयी आपल्याला खात्रीने जे ठाऊक आहे ते अत्यल्प असून, त्यापलीकडचे सर्व अंदाज टीपेतही येऊ देऊ नयेत, असा त्यांचा रोख होता. स्टीव्हन्स स्वभावाने तिरकस होते. म्हणून कदाचित त्यांचे ऐकले गेले नसावे. या मुद्द्यावर ते बरोबर होते.

मलोन यांच्या अनुमानाचे रूप पाहण्याजोगे आहे : नाटकांत कायदा आहे, म्हणून लेखक कायद्याच्या कचेरीत होता. याच वाक्याचा उत्तरार्ध बदलला की बेकनवाद तयार होतो : नाटकांत कायदा आहे, म्हणून लेखक पुढे लॉर्ड चॅन्सेलर झालेला बेकन होता. जेम्स शापिरो यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात मलोन यांच्याकडे बोट दाखविले आहे ते याचसाठी, आणि ते प्रस्तुत लेखकाला सर्वस्वी पटते.

अपेक्षा वाढली आणि कागद मिळेनात, तेव्हा ते तयार करणारेही पुढे आले. विल्यम हेन्री आयर्लंड या विशीतल्या तरुणाने १७९४ पासून शेक्सपिअरची पत्रे, करारपत्रे, समासटीपा केलेली पुस्तके आणि शेवटी ‘व्हॉर्टिजर्न’ हे अख्खे नाटक बनविले. जेम्स बॉस्वेल यांनी त्या बनावट कागदांपुढे गुडघे टेकून त्यांचे चुंबन घेतले. मलोन यांनी ३१ मार्च १७९६ रोजी चारशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध करून ते सर्व खोटे ठरविले. २ एप्रिलला ‘व्हॉर्टिजर्न’चा प्रयोग ड्रुरी लेन नाटकगृहात झाला आणि पहिल्याच रात्री प्रेक्षकांच्या हशात बुडाला. त्या तरुणाने नेमके काय बनविले ते ध्यानात घ्यावे. समाजाला हवा असलेला शेक्सपिअर त्याने पुरविला : पुस्तके बाळगणारा, प्रेमपत्रे लिहिणारा, राणीच्या मर्जीतला.

खरे कागद मात्र निराळेच निघत होते. १५९७ मध्ये स्ट्रॅटफर्डमधील ‘न्यू प्लेस’ हे मोठे घर खरेदी केले. १५९८ च्या टंचाईत गावातील धान्यसाठ्यांची मोजणी झाली, तीत त्याच्या नावापुढे १० क्वार्टर माल्ट, म्हणजे दारू गाळण्यासाठी मोड आणलेले सातू. त्याच वर्षी रिचर्ड क्वायनी या गावकऱ्याने त्याच्याकडे ३० पौंडांचे कर्ज मागितल्याचे पत्र. १६०४ मध्ये माल्टच्या उधारीसाठी फिलिप रॉजर्सवर फिर्याद. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे कागद एकामागून एक छापले गेले आणि ‘हॅम्लेट’चा कवी सावकार व साठेबाज कसा, असा प्रश्न वाचकांना पडू लागला.

इतिहासाच्या अभ्यासकाला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कोणत्याही जुन्या दफ्तरात जपले जाते ते मालमत्तेचे व येण्या-देण्याचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्याने काम केले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. इनाम, सारा, कर्जरोखे, वतनाचे तंटे यांचे रुमालच्या रुमाल तेथे आहेत. त्यांवरून एखाद्या माणसाची जमीन किती होती ते कळते. तो एकांतात काय वाचीत होता ते कळत नाही. दफ्तराचा हा स्वभाव माणसाचा स्वभाव समजला गेला, येथे खरी चूक झाली.

१८४८ ते १८५७

याच सुमारास विद्वत्तेच्या क्षेत्रात आणखी एक घटना घडत होती. फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फ यांनी १७९५ मध्ये होमरच्या एककर्तृत्वाला आव्हान दिले होते आणि डाव्हिड श्ट्राउस यांच्या १८३५ च्या येशूचरित्राने बायबलमधील कथांची चिकित्सा सुरू केली होती. होमर जर एक कवी नसेल, तर शेक्सपिअरचे काय? अमेरिकेतील ल्यूथरपंथी लेखक सॅम्युएल श्मुकर यांनी १८४८ मध्ये हाच प्रश्न विचारला, परंतु उपहासाने. श्ट्राउसची पद्धत शेक्सपिअरला लावली तर तोही अस्तित्वात नव्हता असे ‘सिद्ध’ होते, हे दाखवून ती पद्धतच हास्यास्पद ठरवावी असा त्यांचा हेतू होता. रिचर्ड व्हेटली यांनी १८१९ मध्ये नेपोलियन हयात असतानाच त्याच्या अस्तित्वाविषयी अशीच विडंबनात्मक शंका घेतली होती. दैवदुर्विलास असा की, श्मुकर यांनी थट्टेने रचलेले बहुतेक सर्व युक्तिवाद दहा वर्षांच्या आत इतरांनी गंभीरपणे मांडले.

त्याच १८४८ सालच्या ‘द रोमान्स ऑफ यॉटिंग’ या प्रवासवर्णनात जोसेफ हार्ट या अमेरिकन गृहस्थाने मध्येच विषय सोडून ही नाटके शेक्सपिअरची नव्हेत असे छापून टाकले. पुरावा म्हणावा असे त्यात काही नाही. १८५२ मध्ये ‘चेंबर्स एडिंबरो जर्नल’मधील एका निनावी लेखाने शेक्सपिअरने पदरी एक कवी बाळगला असावा असे सुचविले. दोहोंचाही प्रभाव फारसा पडला नाही.

डेलिया बेकन यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा जन्म १८११ मध्ये ओहायोच्या वनप्रदेशातील टॉलमेज वसाहतीत, एका मिशनऱ्याच्या लाकडी झोपडीवजा घरात झाला. फ्रान्सिस बेकनशी त्यांचे काही नाते नव्हते. औपचारिक शिक्षण बेताचेच झाले असूनही त्यांनी शाळा चालविल्या, कथा लिहिल्या आणि स्त्रियांसाठी इतिहास व साहित्य यांवर व्याख्याने देऊन नाव मिळविले. न्यू यॉर्कचे चार्ल्स बटलर यांचे अर्थसाहाय्य आणि एमर्सन यांची परिचयपत्रे घेऊन त्या १८५३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कार्लाइल यांनी त्यांना ब्रिटिश म्युझियममधील हस्तलिखिते तपासण्याचा आग्रह केला. त्यांनी ते केले नाही. पुरावा नाटकांतच आहे, बाहेर शोधण्याची गरज नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. सेंट ऑल्बन्स या बेकनच्या समाधीच्या गावी मुक्काम करून त्या लिहीत राहिल्या.

जानेवारी १८५६ मध्ये ‘पटनम्स मंथली’त त्यांचा पहिला लेख आला. पुढील लेख छापले गेले नाहीत आणि त्यांची हस्तलिखिते अमेरिकेत वाटेत गहाळ झाली. १८५७ मध्ये सुमारे सातशे पानांचा ग्रंथ निघाला, तो लिव्हरपूल येथे अमेरिकेचे वाणिज्यदूत असलेले कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न यांच्या खर्चाने व प्रस्तावनेसह. आपण तो ग्रंथ तुकड्यातुकड्यांनीच वाचला, अशी कबुली हॉथॉर्न यांनी पुढे १८६३ मध्ये दिली. पुस्तकाचे शीर्षक व लेखिकेचे आडनाव यांवरून ते केवळ बेकनविषयी असावे असा समज होतो, तो चुकीचा आहे. वॉल्टर रॅले यांच्याभोवती जमलेल्या, राजकारणात पराभूत झालेल्या विचारवंतांच्या एका मंडळाने एलिझाबेथ व जेम्स यांच्या अनियंत्रित सत्तेविरुद्धचे तत्त्वज्ञान नाटकांच्या आडून मांडले, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘किंग लिअर’, ‘ज्युलियस सीझर’ व ‘कोरिओलेनस’ ही तीन नाटके त्यांनी सत्ताविचाराच्या दृष्टीने वाचली. हे वाचन आजही निरर्थक वाटत नाही. नाटकांत राजकीय विचार आहे हे त्यांना समकालीन भक्तांपेक्षा अधिक स्पष्ट दिसले. तो विचार स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे विकणाऱ्याच्या मुलाला सुचणारच नाही, एवढे गृहीत मात्र त्यांनी तपासले नाही.

१८५६ च्या शरद ऋतूत एका रात्री कंदील घेऊन त्या स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शेक्सपिअरच्या समाधीपाशी बसल्या. शिळेखाली कागद असतील अशी त्यांना आशा होती. शिळा उचलण्याचे धैर्य झाले नाही. पुस्तक निघाल्यानंतर त्यांचे मानसिक संतुलन ढळले. काही काळ हेन्ली-इन-आर्डन येथील मनोरुग्णालयात काढल्यावर त्यांना अमेरिकेस नेण्यात आले आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे वेड आणि त्यापूर्वीचे एका प्रेमप्रकरणातील अपयश यांवरून त्यांच्या मताचा उलगडा करण्याची प्रथा चरित्रकारांनी पाडली आहे. ती अन्यायाची आहे. मूळ कल्पना १८४५ च्या सुमाराची, म्हणजे त्या प्रकरणाचा बोभाटा होण्यापूर्वीची, आजार पुस्तकानंतरचा. शिवाय १८५६ मध्येच विल्यम हेन्री स्मिथ या इंग्रज गृहस्थाने बेकनच्या बाजूने स्वतंत्र पुस्तिका काढली. त्याच्या विवेकाविषयी कोणी प्रश्न विचारला नाही. डेलिया बेकन यांची चूक विचारपद्धतीची होती आणि ती मलोन यांच्यासारख्या पूर्ण शुद्धीवरच्या विद्वानाकडून आली होती.

जेम्स स्पेडिंग

ज्या दशकात ‘चेंबर्स’चा लेख आला, त्याच दशकाच्या आरंभी, ऑगस्ट १८५० मध्ये, ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये जेम्स स्पेडिंग यांचा लेख प्रसिद्ध झाला. शेक्सपिअरचे ‘हेन्री आठवा’ कोणी लिहिले, हा त्याचा विषय. पद्य ओळीत ठरलेल्या दहा अवयवांनंतर अकरावा हलका अवयव किती वेळा येतो, हे स्पेडिंग यांनी प्रवेशागणिक मोजले. काही प्रवेशांत हे प्रमाण शेक्सपिअरच्या उत्तरकालीन नाटकांइतके, तर काहींत जॉन फ्लेचरच्या नाटकांइतके निघाले. यावरून नाटक दोघांचे आहे असे त्यांनी ठरविले. सॅम्युएल हिक्सन नावाचे दुसरे अभ्यासक स्वतंत्रपणे याच काळात जवळजवळ हीच विभागणी करून बसले होते. एकमेकांच्या कामाची कल्पना नसलेल्या दोघांचे उत्तर जुळणे, यापेक्षा चांगली कसोटी त्या काळी मिळणे कठीण होते. मतभेद झाले तरी ‘हेन्री आठवा’ हे संयुक्त नाटक असल्याचे आज बहुतेक संपादक मानतात.

स्पेडिंग यांचे खरे जीवितकार्य मात्र निराळे होते. फ्रान्सिस बेकनच्या समग्र वाङ्मयाचे व पत्रांचे ते संपादक. त्यांनी त्यात जवळजवळ सारे आयुष्य वेचले. बेकनची शैली इतकी जवळून जाणणारा दुसरा माणूस त्या काळी नव्हता. नथॅनिएल होम्स या अमेरिकन न्यायाधीशाने १८६६ मध्ये बेकनवादाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा स्पेडिंग यांचे मत विचारले गेले. त्यांनी १८६७ च्या पत्रात ही कल्पना साफ नाकारली. दोघांच्या शैली आपण इतक्या ओळखतो की एकाच्या लेखणीतून दुसऱ्याचे पाच-सहा ओळींचेही लेखन आले असेल असे मानता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शंका घेणारा आणि शंका नाकारणारा येथे एकच माणूस आहे. ‘हेन्री आठवा’बद्दल शंका घेण्यास त्याच्यापाशी मोजलेल्या ओळी होत्या, आणि बेकनला नाटककार मानण्यास काहीही नव्हते.

विल्मट यांचे हस्तलिखित

आता निकॉल यांच्या शोधाकडे वळता येईल. कॉवेलचे हस्तलिखित लंडन विद्यापीठाकडे आले ते सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांच्या संग्रहासोबत. हे गृहस्थ ‘बेकन इज शेक्सपिअर’ (१९१०) या ग्रंथाचे कर्ते व बेकनवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते. संग्रहाचा हा उगमच सावध करणारा होता. विल्मट यांची पुतणी ऑलिव्हिया सेरेस हिने १८१३ मध्ये काकाचे चरित्र लिहिले. ‘ज्युनिअसची पत्रे’ हे गाजलेले निनावी राजकीय लेखन काकाचेच, असा दावा तिने त्यात केला. अशी बाई काकाच्या शेक्सपिअरविषयक शोधाबद्दल गप्प राहील हे संभवत नाही. पण त्याचा उल्लेखही तिने केलेला नाही. पुढे तिने आपण राजघराण्यातील असल्याचे सांगून कागदपत्रे पुढे केली. ती बनावट असल्याचा निर्णय न्यायालयाने १८६६ मध्ये दिला.

निर्णायक मुद्दा कागदांतूनच निघाला. कॉवेलच्या व्याख्यानात शेक्सपिअरच्या धान्यसाठ्याचा व सावकारीचा उल्लेख आहे. १५९८ च्या माल्टच्या मोजणीची माहिती १८४० च्या दशकापूर्वी कोणालाही नव्हती. १८०५ मध्ये व्याख्यान देणाऱ्याला ती असणे शक्य नाही. हा मुद्दा शापिरो यांनी २०१० मध्ये मांडला. त्यापूर्वी, २००३ च्या सुमारास, हस्तलिखितावर पहिला जाहीर संशय घेतला होता तो शेक्सपिअरच्या पारंपरिक अभ्यासकांनी नव्हे. नाटके ऑक्सफर्डच्या अर्लची मानणाऱ्या मंडळींनी. बेकनवाद्यांचा हा जुना दाखला त्यांना सोयीचा नव्हता, म्हणून त्यांनी तो तपासला. सॅम्युएल शोएनबाउम यांच्यासारख्या साक्षेपी चरित्रकारानेही तो १९७० च्या आपल्या ग्रंथात खरा धरून चालला होता, कारण त्याच्या खरेखोटेपणाने त्यांच्या प्रतिपादनात काहीच फरक पडत नव्हता.

शेक्सपिअरच्या पहिल्या शंकेखोराची व्याख्याने कोणी लिहिली, हे अद्याप निश्चित झालेले नाही.